दादाचं सिंहासन

दादा,

मूळव्याध आहे म्हणून तू जाशील तिथे हवेची गोल उशी न्यायचास. आम्ही तिला 'सिंहासन' म्हणून खिदळायचो. काल माझा रिपोर्ट सांगितला, तेव्हा फोनवर पुटपुटलास, "मलाही आतड्याचाच कॅन्सर होता गं. चारचौघांत कसं सांगणार?"

मी काय चारचौघांतली होते? डॉक्टर म्हणाले, पेशींतल्या चुका दुरुस्त करणाऱ्या जनुकांतली ही खोट घराण्यातून येते. भावाचं कळलं असतं, तर तुम्हाला वेळेत तपासलं असतं.

चांगलं खरमरीत लिहायला बसले होते. पण पाठवू कुठल्या तोंडाने? लेकाने विचारलं, "आई, काय निघालं?" मीही मूळव्याध म्हणून मोकळी झाले. आज तो माझ्यासाठी सिंहासन घेऊन आला.

तुझीच बहीण