बसलं

आगरदांडा,
१८ नोव्हेंबर २०२४

चि. प्राप्तीस,

आईचे आशीर्वाद. मी बरी आहे. बांगडा भरपूर येतोय, पण एकटीसाठी किती आणणार. फोनवर हे बोलले नाही, कारण भिंतीपलीकडे मॅनेजर रावजींचं ऑफिस. खोली कारखान्याची, कामही कारखान्याचं. दिवसभर मासळीच्या तेलाचे डबे पुसते. खिडकीतून दिघीची फेरीबोट जाताना दिसते.

तुझ्या कॉलेजच्या प्रोजेक्टचे कागद दोनदा वाचले. हीट एक्स्चेंजर मला बाबांनी समजावला होता. पातळ पत्र्याच्या एका बाजूने गरम पाणी, दुसऱ्या बाजूने तेल. मिसळायचं नाही, नुसती ऊब द्यायची. तुझ्या सूत्रातली अक्षरं कळली नाहीत, पण काम कळलं: यंत्र सुरू केल्यावर कितव्या मिनिटाला तेल किती तापेल, ते आधीच सांगायचं. मग बाबांच्या वहीतले त्या शेवटच्या सकाळचे आकडे घेऊन बसले. दर पाच मिनिटांनी ३०, ४६, ५४, ५८, ६०, ६१, ६१. वाढ सोळा, मग आठ, चार, दोन, एक. दर वेळी निम्मी. तुझी रेघही तशीच वाकते.

शेवटच्या ६१ पुढे, नऊ चाळीसला, त्यांनी लिहिलंय, ‘बसलं’. तू विचारतेस, यंत्र बसलं, बिघडलं, हे कळूनही बाबांनी ते बंद का केलं नाही? याच रागात तीन वर्षं तू त्यांच्या फोटोपुढे उभी राहिली नाहीस.

सव्वादहाला पत्र्यांमधलं जुनं रबर फाटलं आणि कढत पाणी त्यांच्या अंगावर आलं. त्यांच्या दहाव्याला रावजी आले, वही घेऊनच.

“वहिनी, होडीचं इंजिन बसलं म्हणतो आपण. तसंच ना हे?”

मी म्हटलं, “व्हय.”

“मग इथं सही करा. आणि खोलीची काळजी सोडा, तुम्हाला कामाला लावून घेतो.”

अहवालात आलं, बिघाड ओळखूनही कामगाराने यंत्र चालू ठेवलं. खाली साक्षीदार मी.

प्राप्ती, लहानपणी तुला ताप आला की ते तुझ्या काखेत थर्मामीटर धरून बसायचे. तू चुळबुळ करायचीस. “थांब गो, पारा बसू दे.” पारा चढायचा थांबला की म्हणायचे, “हं, बसला.” तुला आता आठवलं असेल. ६१ पुढचं ‘बसलं’ही तसंच. मला सही करतानाही आठवत होतं.

तू बारावीत होतीस, डोक्यावर छप्पर हवं होतं, असं स्वतःला सांगत आले. ते खोटं नाही. पण त्या छपराखाली रोज त्यांच्या फोटोला हार घालते, आणि पलीकडून रावजी विचारतात, “वहिनी, बरं आहे ना?” मी म्हणते, “व्हय.” तोच शब्द.

हे पत्र प्रोजेक्टला जोड. याची प्रत आजच कारखाना निरीक्षकांना रजिस्टरने पाठवली आहे. रावजींना कळलं की खोली जाईल. किहीमला नीराबाईमावशीकडे एक कोपरा मागितलाय, अजून उत्तर नाही.

आलीस तर आधी बाबांपुढे उभी राहा. माझ्याशी मग बोल, बोलावंसं वाटलं तर.

खाली ‘आई’ लिहायला हात धजत नाही. त्या कागदावर केली होती, तशीच पूर्ण सही करते.

कमळ चांगदेव मोकल