मोती चौकात कोण हटलं?

मुक्काम पिंपरी, पाण्याच्या टाकीमागची चाळ
पौष महिना, १९५८

गुलबहार ब्रास बँडचे मालक, क्लॅरिनेटचे धनी, समस्त सातारच्या नवरदेवांचे आधारस्तंभ, राजमान्य राजश्री शफी मास्तर यांसी बालमित्र ज्योतीराम याचा एका हाताने रामराम आणि दुसऱ्या हाताने सलाम. (मास्तर झालास म्हणून एवढं लिहिलं. इथून पुढं तू लेका शफ्याच.) तुझ्या अम्मींचे, म्हणजे माझ्या कमरुन्निसाचाचींचे, गुडघे कसे आहेत? त्यांना सांग, त्यांच्या हातच्या शेवयांची आठवण मला सणाला न होता रोज खाणावळीत होते. तुझी फुप्फुसं ठणठणीत असतीलच. बाजा फुंकणाऱ्या माणसाला आणखी काय विचारायचं? माझी प्रकृती उत्तम आहे, मन तेवढं ठिकाणावर नाही. त्याचं कारण पुढं येईल, घाई करू नको.

इथं माळामाळावर कारखाने उगवताहेत, सगळ्या जिल्ह्यांची माणसं येताहेत, पण बँड म्हणशील तर औषधाला सापडत नाही. लग्न असलं की बाभळीला एक कर्णा बांधतात आणि त्यातून तबकडी केकाटते. नवरदेव जातो मारुतीला आणि वाजप बसतं बाभळीवर! देहू हाकेच्या अंतरावर, त्यामुळं टाळ-मृदंगाला तोटा नाही. पण मृदंगाच्या तालावर नवरदेवाचा घोडा कसा नाचणार? (चऱ्होलीचा भैरू आमच्याच खात्यात आहे, तो म्हणतो, ‘आमच्याकडं संबळ आस्तंय की.’ त्याला बसवून क्लॅरिनेट म्हणजे काय ते समजावलं. हल्ली तो दुसऱ्या शिफ्टला येतो.) म्हणून काम सुटलं की आम्ही सातारकर हनीफच्या सायकलच्या दुकानापुढं बसतो आणि गावाकडच्या बँडांवर बोलतो. हनीफ मूळचा इथलाच, त्यानं आपला एकही बँड ऐकलेला नाही. पण बिचारा मान डोलावतो, कारण बाकडं त्याचं असलं तरी संख्या आमची जास्त.

तर या बाकड्यावरचे अध्यक्ष म्हणजे आमच्या खात्याचे हेड फिटर मालोजीराव. शनिवार पेठेतले, इथं माझ्या खोलीला लागून राहतात. माणूस शंभर नंबरी सोनं, पण चिमाजी मास्तरांच्या जयभवानी बँडचा आंधळा भक्त. आमचा रोजचा वाद एकच: त्या दिवशी मोती चौकात कोण हटलं? तुला आठवत असेल. आपण दोघं हलवायाच्या ओट्यावर उभे होतो, चड्डीची नाडी धड बांधता येत नव्हती असं वय. मांडवाकडं निघालेल्या दोन मिरवणुका चौकात समोरासमोर आल्या. आता आपल्याकडं आधी वाट देईल त्याचं नाक कापलं, हे तुला सांगायला नको. (इथं प्रत्येकाला सांगावं लागतं. कोकणातला एक जण म्हणाला, ‘मग पोलिसाला का नाही बोलावलं?’ अहो, पोलीस ऐकत उभा होता!) इकडं निळ्या कोटातला तुझ्या अब्बांचा गुलबहार, तिकडं लाल कोटातला जयभवानी. मुहूर्त टळला, भटजी बोंबलले, एक घोडा चक्क खाली बसला, पण वाजप थांबेना. शेवटी तुझ्या अब्बांनी तो लांब सूर धरला आणि लाल कोटवाले मुकाट बोळात सरकले. मी डोळ्यांनी पाहिलं. पण मालोजीराव म्हणतात, दोन नवरदेवांपैकी एक खुद्द ते होते, त्यांच्या पुढं चिमाजी वाजवत होता, आणि हटला तो समोरचा गुलबहार! बाकड्यावर त्या दिवसाचे साक्षीदार आम्ही दोघंच, त्यामुळं निकाल लागत नाही.

यात बिघडलं काय, असं तू म्हणशील. बिघडलं असं की मालोजीरावांना सुमन नावाची मुलगी आहे. शफ्या, ती नळावर माझी कळशी सगळ्यांच्या आधी लावते. मागच्या बाया कालवा करतात, ही ढिम्म. मला ती फार आवडते, उगाच आढेवेढे कशाला घेऊ? तिच्या आईच्या, यशोदाबाईंच्याही मनात मीच. चिंचवडहून मुलीचे मामा नानासाहेब आले, बैठक बसली, पोहे आले. माझं गोत्र, पगार, पत्रिका, सगळं पसंत पडलं. नानासाहेब नारळाला हात घालणार, तोच मालोजीरावांनी मिशीवर पालथी मूठ फिरवली आणि विचारलं, ‘एवडं सांगा पाव्हणं, त्या दिशी मोती चौकात कोण हटलं?’

एक शब्द इकडचा तिकडं करायचा होता. माझ्या जागी गाढव असतं तरी त्यानं केला असता. पण समोर तुझे अब्बा दिसायला लागले, गाल फुगवलेले, आणि मी म्हणून गेलो, ‘चिमाजी हटला.’ मालोजीराव उठले आणि त्यांनी स्वतःच्या हातानं माझ्या पुढची पोह्यांची बशी उचलून आत नेली. वर पेरलेलं खोबरं अजून तसंच होतं. लग्न मोडलं!

दुसऱ्या दिवसापासून माझी कळशी नळावर शेवटी. मी सुमनची विनवणी केली, तर ती म्हणाली, ‘तुम्हांला बायको पाहिजे की बँड?’ मी जरा विचार करायला लागलो. (ही दुसरी चूक.) ती जी पाय आपटत गेली, ती आठवडाभर दिसली नाही, आणि खरं सांगतो, त्या आठवड्यात मला जेवण गेलं नाही. अखेर मान खाली घालून मालोजीरावांकडं गेलो, म्हटलं, चिमाजी तो चिमाजीच. एवढ्यावर भागेना. त्यांची अट अशी की लग्नाला जयभवानी बँडच आणायचा, लाल कोटांसकट, आणि मांडवाच्या दारात सगळ्या चाळीसमोर मी मोठ्यानं सांगायचं की मोती चौकात गुलबहार हटला. मी ‘होय’ म्हणालो. शफ्या, थुंक माझ्यावर.

माघातला मुहूर्त धरलाय. तू अगत्य ये, दोस्ताच्या नात्यानं ये, पोटभर बुंदी खा. वाजवायची तसदी नाही, क्लॅरिनेट घरीच ठेव. चाचींच्या पायांवर माझं डोकं. लोभ आटला असेल तर तळाशी राहिला असेल तेवढा तरी राहू दे.

तुझा (कोणत्या तोंडानं लिहू?)
ज्योतीराम

ता. क. क्लॅरिनेट आण. चिमाजी मास्तरांचं उत्तर आलं. त्यांना दमा जडलाय, बँड मोडलाय, वाजवणारे पांगले, निम्मे तर तुझ्याकडंच आहेत म्हणे. लाल कोट मात्र त्यांच्या मंडळींनी, शालनबाईंनी, ट्रंकेत डांबराच्या गोळ्या घालून जपलेत. तेव्हा मित्रा, तुझा सगळा ताफा त्या कोटांत घालून आण आणि जयभवानी म्हणून वाजव. तू मला शिव्या देशील. दे. पण मोठ्या मापाचा कोट आताच बाजूला काढून ठेव, तुझं पोट मला माहीत आहे.

दुसरा ता. क. मालोजीराव म्हणतात, चिमाजीचा सूर मी झोपेत ओळखीन. म्हणून मी यशोदाबाईंना सगळं सांगून टाकलं. त्या पदर तोंडाला लावून हसत खालीच बसल्या. म्हणाल्या, ‘आवो जावईबापू, आमच्या लग्नात तरी चिमाजी कुठं होता?’ झालं होतं असं: नवरदेव रुसून बसलेले, चिमाजी नसेल तर घोड्यावर चढत नाही. आणि चिमाजीनं तर समोरच्या पार्टीची सुपारी घेतलेली. मग यशोदाबाईंच्या सासऱ्यांनी गुपचूप गुलबहार आणला, पोराला सांगितलं हाच चिमाजी, आणि कोटांचा रंग दिसू नये म्हणून बाशिंग थेट नाकापर्यंत खाली बांधलं! सासऱ्यांनी नंतर सुनेला सांगितलं, मुलाला सांगायची छाती कुणाची झाली नाही. म्हणजे शफ्या, तो माणूस आजवर तुझ्या अब्बांच्या सुरासाठी माझ्याशी भांडतोय. यशोदाबाईंनी मला सुमनची शपथ घातलीय, हे मालोजीरावांच्या कानावर जाता कामा नये. म्हणाल्या, त्यांना दुसरं सुख काय हाय?

तिसरा ता. क. जन्मात एकदाच मी वादात शंभर टक्के खरा ठरलो, आणि तोंड उघडलं तर बायको जाते. तेव्हा मांडवाच्या दारात अब्बांचा तोच लांब सूर धर. मालोजीराव डोळे पुसत चिमाजीचं नाव घेतील, घेऊ दे. मी तुझ्या तोंडासमोर उभा राहून ओरडेन, ‘गुलबहार हटला!’ त्या वेळी मला आईमाईवरून काय ती शिवी दे, पण मनात दे. तोंडातलं क्लॅरिनेट काढू नको.