शताब्दीचा हिरण्यकश्यपू

ता. १२ एप्रिल १९३६, रविवार
आमच्या वडगावच्या सोंगी गल्लीला यंदा शंभर वर्षं होतात. घाटाखालून सोंगं काढणारी काही घरं इथं येऊन वसली. पोटासाठी माग, उत्सवाला सोंगं. मुखवटे करणारे, रंगवणारे, गाणारे, नाचणारे सगळे एका गल्लीत. एवढी कला, पण शिस्त नावाला नाही. म्हणून मी सेंटिनरी कमिटी काढली. सेक्रेटरी मीच. लष्कराच्या कॅम्पात कंत्राटदाराच्या ऑफिसात इंग्रजी टपाल बघणारा गल्लीत दुसरा आहे कोण? मुख्य प्रोग्रॅम नरसिंह जयंतीला, ५ मे रोजी. मामलेदारसाहेब येणार.
संकल्प: रोज पहाटे उठणे. अडाणी लोकांवर न चिडणे.

ता. १३, सोमवार
उठायला उशीर झाला. चिडलो.

ता. १४, मंगळवार
मोठी बातमी! आज देवळात विडे मांडले. आमच्यातली रीत अशी, की प्रत्येक सोंगाचा एक विडा देवापुढे ठेवायचा. जो उचलेल त्याचं ते सोंग. उचललेला विडा परत ठेवता येत नाही. नरसिंहाचा विडा भावकू विणकराने उचलला, दरसालप्रमाणे. हिरण्यकश्यपूचा मात्र तसाच पडून. सगळे खाली माना घालून बसलेले. माझ्यासाठीच थांबले होते हे उघड आहे. मखमली कोट, मुकुट, समोर मामलेदारसाहेब, शिवाय फोटोग्राफर! उचलला. काय टाळ्या! सुबराव तर माझ्या गळ्यात पडून रडला. माणसं प्रेमळ आहेत.

ता. १५
सुबराव हा गेल्या सालचा हिरण्यकश्यपू. त्याचा डावा कान अर्धाच का, हे आज कळलं. म्हणाला, "भावकूच्या अंगात देव येतोय अण्णा. मग त्यो भावकू ऱ्हात न्हाय. चारजण त्याच्या कमरंचा दोर धरत्यात म्हणून कान तरी अर्धा वाचला." त्याच्या आधीचा यल्लाप्पा. त्याच्या बरगड्या मोडल्या. तो आता निपाणीला तंबाखूच्या वखारीत असतो, उत्सवाला येत नाही.
हे मला कोणी आधी सांगायला नको? लहानपणी खांब फुटायच्या आत आई मला पदराखाली घ्यायची. पुढे नोकरीला हुबळीत होतो, गेल्या दिवाळीत परत आलो. त्यामुळे पुढचा भाग कधी पाहिलाच नाही.
घाबरलो वगैरे नाही. जेवण गेलं नाही ते उन्हामुळे.

ता. १७
भावकूच्या घरी गेलो. समजावून सांगायला, की आता जमाना ॲक्टिंगचा आहे, अंगात आणायची गरज नसते. तो मागावर बसला होता. दंड माझ्या मांडीएवढे. मला बघताच उठला आणि पायाच पडला. म्हणाला, "तवा मला कायबी कळत न्हाय बघा. काय कमीजास्त झालं तर आत्ताच माफ करा." वर नारळ दिला. मी "छे छे, त्यात काय" म्हणालो. काय बोलायला गेलतो ते राहूनच गेलं.
नारळ अंजनीने आमटीत घातला. ही माझी बायको. मी ताकभातावर भागवलं.

ता. २१
कमिटीची मीटिंग. मी सूचना मांडल्या. एक, दोर धरायला चारांऐवजी बाराजण. दोन, नरसिंहाऐवजी यंदा वामन अवतार करावा, शताब्दीला नावीन्य पाहिजे. तीन, हिरण्यकश्यपूला शेवटी पश्चात्ताप होतो आणि नरसिंह त्याला क्षमा करतो, असा सुधारकी शेवट. मामलेदारसाहेबांसाठी मी लिहिलेलं इंग्रजी भाषणही त्यातच बसतं.
नरसिंहाचा मुखवटा बायाक्काच्या ताब्यात असतो. गल्लीत सगळ्यात जुनी तीच. ती म्हणाली, "विडा उचलताना हात कापला न्हाय, आता का कापतोय?" सगळे हसले. हात कापत नव्हता. कागद कापत होता.

ता. २५
ऑफिसातून हुबळीच्या कामावर पाठवतात का विचारलं. साहेब म्हणाले, काम नाही. एरवी दर महिन्याला असतं.
डॉक्टरांनाही दाखवलं. छातीत धडधड, तळहातांना घाम, तोंड कोरडं. म्हणाले, कशाची भीती वाटते का? मी साफ नाही म्हणालो. त्यांनी पाचक दिलं.

ता. १ मे
भावकूचा उपास सुरू. फक्त पाणी. रिकाम्या पोटी देव लवकर येतो म्हणतात. यावर शास्त्रीय उपाय सापडला. अंजनीला शिकरण-पुरी करायला लावली आणि भावकूकडे पाठवली. पोट भरलेला माणूस कुणाला चावत नाही, हे कुत्र्याला कळतं.
डबा तसाच परत आला. भावकूचा निरोप: अण्णांचं मन मोठं, पण देवाला चालणार नाही.
शिकरण मीच खाल्ली. पोट बिघडलं.

ता. ३
रॉकेलच्या डब्याचा पत्रा कापून छातीला आणि पोटाला बांधला. वर मखमली कोट. कान मुकुटात कोंबले. तालमीत वाकलो की पत्रा ठणठण वाजतो. सुबरावने विचारलं, "आत काय हाय अण्णा?" चिलखत, म्हणालो. राजे लोक वापरत.
विषय संपला. आता निर्धास्त.

ता. ५, सकाळी
निर्धास्त नाही. इथं कोण वाचतंय? लिहून टाकतो. भीती वाटते. फार वाटते. बाहेर मांडव सजलाय, ताशा लागलाय, लोक नटूनथटून हिंडताहेत, आणि मला हा सगळा थाट माझ्याच तेराव्याचा वाटतोय. अंजनीला सांगितलं, माझं काही झालं तर माहेरी जा. ती म्हणाली, "दाढी करा आधी. फोटो हाय न्हवं?"

ता. ६
काल झालं ते असं.
तिन्हीसांजेला कागदी खांब फुटला. आतून नरसिंह. आयाळ, सुळे, पुढे आलेली जीभ, आणि कमरेचे दोर ताणून धरणारे चारजण मागे पाय घासत ओढले जाताहेत. त्याने डरकाळी फोडली. मला दिलेलं वाक्य होतं, "कुठे आहे तुझा देव?" तोंडातून निघालं, "आई गं!"
पळालो. देवळाच्या उंबऱ्यात अडखळून पालथा पडलो, पत्रा केवढ्याने वाजला. मग उठून हात जोडले आणि रडत म्हणालो, भावकू, मी परशराम आहे रे, खरा राक्षस नव्हे, कंत्राटदाराकडे टपाल बघतो.
नरसिंह थांबला. एकदम. दोर सैल पडले. त्याने मान तिरकी करून माझ्याकडे बघितलं, मग हळूच मुखवटा काढला. आत नुसता भावकू. घामाने डबडबलेला, रडवेला. म्हणाला, "देव आलता. पर तुमास्नी बघून परत गेला."
मामलेदारसाहेबांना वाटलं संपलं, त्यांनी टाळ्या वाजवल्या. एकट्यानेच. इंग्रजी भाषण कोणी विचारलं नाही.

ता. ८
सकाळी बायाक्का आली. मी समजूत काढायला आली असं समजून पाट दिला. ती बसली नाही. म्हणाली, "पलेगात निम्मी गल्ली मेली, तवा बी देव आला. शंभर वर्सांत एकदा चुकला न्हाय. मारायजोगा राक्षस नगं व्हय त्याला?" पुढच्या सालचा विडा सुबरावने आत्ताच मागून घेतलाय. उरलेला कान घेऊन पुढे आला, म्हणे. मला द्यायचं ठरलंय कयाधूचं सोंग, प्रल्हादाच्या आईचं. "तिला बोलणं न्हाय. कोपऱ्यात बसून रडायचं तेवढं. ते तुमास्नी जमतंय." विचार करून कळवतो म्हणालो.
ती गेल्यावर दार लावलं, सदरा काढला आणि आरशापुढे उभा राहिलो. छाती बघितली, पाठ बघितली, दोन्ही कान बघितले. अंजनीलाही बघायला लावलं. कुठं ओरखडासुद्धा नाही. ती म्हणाली, "देवाची कृपा."
फार वाईट वाटलं.