आजोबांच्या चाळीस नळ्या

तीर्थस्वरूप मामांस,

वाकून नमस्कार. तुमचे गुडघे आणि गुरांचा दवाखाना, दोन्ही बरे चालत असतील. मामींचा खोकला थांबला का? मागचं पत्र मी चौकशी न करता थेट कामापासून सुरू केलं म्हणून तुम्ही रागावला होता. त्यामुळे या वेळी सावकाश, सविस्तर लिहितो. (फोन तुम्ही उचलतच नाही.)

आमच्या मत्स्यबीज केंद्रातला सगळ्यात म्हातारा नर, ज्याला आम्ही आजोबा म्हणत असू, मंगळवारी गेला. त्या वाणाचा तो शेवटचाच. नशीब, महिन्यापूर्वीच त्याचं बीज चाळीस बारीक नळ्यांत भरून द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवलं होतं. काम भलतं नाजूक. पाण्याचा थेंब जरी लागला तरी बीज लगेच पोहायला लागतं आणि मिनिटभरात दमून संपतं (धाकट्या काकांच्या व्यायामासारखं). म्हणून आधी माशाचं पोट कोरडं पुसावं लागतं. त्यासाठी मी घरातला नवा टॉवेल नेला. तुमची भाचेसून त्या टॉवेलबद्दल अजून बोलते आहे, माझ्याशी मात्र नाही.

आता नायट्रोजन उडून जात असतो. म्हणून दर सोमवारी टाकीत लाकडी पट्टी बुडवायची; जिथवर दंव चढेल तिथवर तो आहे. सलग तीन सोमवार पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरीशुभ्र. मी वहीत ‘काठोकाठ’ लिहीत गेलो आणि नायट्रोजनची गाडी परत पाठवत गेलो. आज कळलं, आमचे टापटिपीचे साहेब ती पट्टी फ्रीजच्या बर्फाच्या खणात ठेवतात. “अहो, स्वच्छ राहते!” म्हणाले. टाकीत नायट्रोजन बोटभर उरला आहे, गाडी परवा येणार. बारा वर्षं या वाणामागे घालवली, मामा. खरंच रडू आलं. नळ्यांपासून लांब जाऊन रडलो.

असो. मामींना नमस्कार.

तुमचा भाचा

ता. क. तुमच्याकडे वळूंच्या बीजाची भरलेली टाकी असतेच. आमच्या नळ्या परवापर्यंत तिच्यात ठेवाल का? (वेगळ्या कप्प्यात, एवढीच विनंती.)

आणखी एक. पत्र आणणाऱ्या ड्रायव्हरच्या हातातल्या डब्यात त्याच नळ्या आहेत. मामांचं वाचून होईपर्यंत मध्ये बोलायचं नाही, अशी त्याला सक्त ताकीद दिली आहे. डब्यातला नायट्रोजन दोन तास पुरतो. रस्ता पावणेदोन तासांचा आहे. हे खरं तर पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतं. पण ख्यालीखुशाली न विचारता एकदम कामाचं बोलणं बरं दिसत नाही.