सातव्या लाइनचा टाका

वर्धा, मंगळवार, ३ डिसेंबर १९५७

आज दोष सापडला. सापडला नसता तर बरं झालं असतं.

कापसाच्या जिनिंगच्या ऑफिसातल्या टेलिफोन बोर्डावर सातवी लाइन सेठजींची. महिनाभर त्यांचं बोलणं मधेच तुटत होतं. बोर्डावर बसणारी सुमन मला दोनदा म्हणाली, "मिस्त्री भाऊ, जिन चालू असताना काऊन येत नाई तुमी? भिंत हालली का लाइन तुटते." पण मी रविवारीच जायचो. जिन बंद, गोंगाट नाही, नाकात कापूस नाही. सातवी लाइन ठणठणीत. मी लिहून दिलं, बोर्डात दोष नाही. मग दोष कोणाचा? सेठजींनी ठरवलं, पोरगी मुद्दाम बोर्डातला दोर उपटते. तिला काढलं.

आज तिच्या जागी नवा माणूस, तरी लाइन तुटली. जिन धडधडत असतानाच बोर्डाची पाठ उघडली. सातव्या लाइनची तार कथलाच्या टाक्यातून सुटून भिंतीबरोबर थरथरत होती. टाका माझाच, दिवाळीआधी मारलेला. कच्चा. एवढे रविवार मी तपासलं तरी काय? शांतता?

तसाच सायकलने बोरगावला सुमनच्या घरी गेलो. सगळं सांगितलं. वाटलं, शिव्या देईल. तिने पाणी दिलं. म्हणाली, "भाऊ, हेच कागदावर लिहून द्या न."

लिहिलं तर उद्या मी घरी. पेन खिशातच होतं. "बघतो," म्हणालो आणि निघालो.

इथे, या वहीत, मात्र पान भरलं. त्याच पेनाने.