काळ्या पडद्यामागची हळद

फुलचूर,
४ एप्रिल २०२५

चि. रुचीस अनेक उ. आ.

फोनवर मला आता अर्धंच ऐकू येतं. तू 'बी' म्हणतेस, मी 'डी' ऐकते. म्हणून पत्रच बरं.

तुझे इंद्रकुमारकाका गेल्यापासून त्यांचा कॉम्प्युटर झाकूनच होता. गुंजननं हट्ट धरला आहे, माझ्या हळदीला आजीचंच गाणं वाजलं पाहिजे. तिची आजी म्हणजे तुझी मोठी आई, माझी थोरली जाऊ; तिला दिवाळीत लकवा मारला, तेव्हापासून तिच्या तोंडून शब्द नाही. माझ्याकडेच असते ती. तिची आपल्या पवारी बोलीतली लग्नगीतं काकांनी त्या कॉम्प्युटरवर भरून ठेवली होती, दुसरीकडे कुठेच नाहीत.

चालू केला तर नुसता काळा पडदा आणि पांढरी अक्षरं. नाव टाकलं, पण पासवर्डाला एकही अक्षर उमटेना. दुकानवाला छोटेलाल म्हणाला, काकीजी, ये तो गया, फॉर्मेट मारना पड़ेगा. फॉर्मेट म्हणजे सगळं पुसणं, हे कळल्यावर त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं. मोठ्या बाईचा आवाज असा पुसू कसा देऊ? लवकर लिही.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारी,
रुख्मिणीकाकी

पुणे,
११ एप्रिल

ती. काकीस शि. सा. न. वि. वि.

छोटेलालला मशीनला हात लावू देऊ नकोस. काही बिघडलेलं नाही. काकांचं लिनक्स आहे, दुकानातल्या कॉम्प्युटरांपेक्षा वेगळी प्रणाली. मशीन जुनं, चित्रांचा डेस्कटॉप त्याला जड जातो, म्हणून काकांनीच तो आपोआप सुरू होणं बंद केलं होतं. हवा असेल तेव्हा ते एक शब्द टाइप करून तो उघडायचे.

पासवर्ड टाकताना काहीच उमटत नाही, तशीच रीत आहे. डोळे मिटल्यासारखं टाक आणि एंटर दाब. मग लिही: startx

गुंजनला म्हणावं, नवऱ्याचा पासवर्ड आधी विचारून घे. मोठ्या आईच्या पायांवर माझं डोकं.

रागावलीस तरी तुझीच,
रुचि

फुलचूर,
१८ एप्रिल

चि. रुचीस अनेक उ. आ.

तुझा शब्द चालला नाही. 'कमांड नॉट फाउंड' असं उलट उत्तर आलं. मी चार वेळा टाइप केला, चारही वेळा तेच. मोठी बाई खाटेवरून बघत होती. तिच्या नजरेतच होतं, कायले त्या डब्यासमोर बसून राहिली म्हणून. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

दुसऱ्या दिवशी तुझं पत्र भिंग लावून वाचलं, तेव्हा उमगलं. मी Startx. लिहीत होते. पहिलं अक्षर मोठं आणि शेवटी पूर्णविराम! कॉन्व्हेंटात सिस्टर बोटांवर पट्टी मारून शिकवायच्या ते साठी उलटली तरी बोटांतून जाईना. लहान अक्षरात, टिंबाशिवाय लिहिलं आणि रुचि, पडदा उजळला. चोरखमाऱ्याच्या तलावाचा फोटो, काकांनी काढलेला. मी नमस्कारच केला.

पण गाण्यावर बाण नेला आणि सगळं जागच्या जागी गोठलं. शेवटी प्लग ओढला. हळद जवळ आली. गुंजन म्हणते, राहू द्या काकीआजी, डीजे लावू. म्हणताना खाली बघत होती.

उत्तराकडे डोळे लावून,
रुख्मिणीकाकी

पुणे,
२४ एप्रिल

ती. काकीस शि. सा. न. वि. वि.

पूर्णविरामाची गोष्ट ऑफिसात सांगितली. सगळे म्हणतात, तुझ्या काकीलाच कामावर घेऊ.

प्लग पुन्हा ओढू नकोस. अडकलं तर Ctrl, Alt आणि F3 एकदम दाब. काळा पडदा येईल. तिथे पुन्हा नाव, पासवर्ड आणि pkill Xorg असं लिही. डेस्कटॉप तेवढा थांबेल, बाकी सगळं जिवंत राहील. इथे X मात्र मोठाच हवा, तुझ्या सिस्टरना बरं वाटेल.

आणि गाण्याला डेस्कटॉप लागतच नाही. काळ्या पडद्यावरच लिही: mpv halad.mp3 (टिंब फक्त मधलं, शेवटी नको). काका तसंच ऐकायचे. रजा मिळाली नाही, हळदीला मी नसेन. मन तिथेच आहे.

तुझी,
रुचि

फुलचूर,
४ मे

चि. रुचीस अनेक उ. आ.

हळद झाली. तू गरज नाही म्हणालीस तरी मी सकाळी डेस्कटॉप उघडलाच, तलाव पुन्हा बघायचा होता. तो अडकला. मोठा X लिहून मीच थांबवला.

मग गुंजनला पाटावर बसवलं, बायका जमल्या, मोठ्या बाईला खुर्चीत आणलं आणि मी तुझी ओळ लिहिली. काळ्या पडद्यातून तिचा आवाज आला, पूर्वीचा, ठणठणीत. विहिणीला चिडवायचं गाणं, जेवता जेवता ती पदरात बुंदीचे लाडू बांधून राहिली, ते. बायका हसू लागल्या. मी मात्र बाईकडे बघत होते, स्वतःचा आवाज ऐकून तिला सोसेल ना म्हणून. तिचे ओठ हलत होते. मला वाटलं, रडते आहे.

तेवढ्यात लाइन गेली. कॉम्प्युटर बंद, पंखा बंद. गुंजन म्हणाली, अरे देवा, अर्ध्यातच! आणि बायका वळून बघू लागल्या, कारण गाणं थांबलंच नव्हतं. मोठी बाई गात होती. जीभ जड, सूर वाकडा, पण लाडवांचा शब्द न् शब्द स्पष्ट. विहिणीला एकही शिवी माफ केली नाही तिने.

साधं पाणी मागायला अजून शब्द फुटत नाही. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी, बोलणं जातं आणि गाणं राहतं. म्हणून आता आम्ही गातच पाणी मागतो. मी सुरुवात करते, ती पुढची ओळ पुरी करते. सुटी घेऊन ये, तुलाही चिडवेल.

सूर धरून बसलेली तुझी,
रुख्मिणीकाकी