वकिलांच्या दिवाणखान्यातला मासा

॥ श्री ॥

कोल्हापूर, ता. ९ सप्टेंबर १९५५

ती. सौ. सरोजिनीताईस,

शि. सा. न. वि. वि. माईचा गुडघा दुखतो आणि दादा अजून माझ्याशी बोलत नाहीत. म्हणजे घरी सगळं नेहमीसारखं आहे. कॉलेज का सोडलं ते पुन्हा विचारू नकोस. सरांनी माझी वही सर्वांसमोर भिरकावली, मी त्यांची भिरकावली, संपलं. आता आकाराम पत्रेवाला लोखंडी चौकट करून देतो, मी तिला काचा बसवतो आणि बड्या घरांतून माशांच्या पेट्या पोचवतो. आकाराम म्हणतो, एवढं शिकून शेवटी मासं धुवायला लागलास की रं! म्हणू दे.

त्या पेट्यांपायीच यज्ञेश्वरपंत वकिलांच्या घरी जाणं-येणं झालं. त्यांची मुलगी श्यामला माशांना खायला घालते की तुला, असं तू मागे विचारलं होतंस. दोघांना घालते. पण लग्नाचं म्हटलं तर आपण देशस्थ, ते कऱ्हाडे, आणि वकीलसाहेब त्यावर अडून बसलेले. त्यांची थोरली बहीण, ज्यांना सगळे आक्का म्हणतात, त्या तर माझा पेलासुद्धा वेगळा ठेवतात.

आता ऐक. मुंबईहून मी तलवारशेपटी जातीचा लाल नर आणला, आणि दुसऱ्या जातीची एक बुटकी, काळ्या ठिपक्यांची मादी. एरवी ही दोघं एकमेकांकडे वळत नाहीत. पेटीत दुसरं कुणीच नसलं की वळतात. त्यांच्या पिल्लांतली निवडून पुन्हा तलवारशेपटीशी लावली. ताई, काय रंग उतरला! अंग निखाऱ्यासारखं, त्यावर ओल्या शाईसारखा काळा. त्यातला एक वकीलसाहेबांच्या दिवाणखान्यात दिला. परवा चार पाहुण्यांदेखत ते म्हणाले, ही सगळी संकराची करामत, शुद्ध जातीत हा रंग यायचा नाही. माझं डोकं फिरलं. काचेत चालतं ते घरात का चालत नाही, असं मी तिथेच विचारलं. श्यामला बश्या तशाच घेऊन आत गेली. आणि वकीलसाहेब हसले! मुद्दा बिनतोड आहे, म्हणाले. आता येणाऱ्या-जाणाऱ्याला तो मासा दाखवून तेच माझी बाजू मांडतात. तुळशीच्या लग्नानंतर सुपारी फोडू, असा निरोपही आला आहे.

दाजींना नमस्कार. माझ्यावर रागावायचं असेल तर सुपारी फुटल्यावर रागव. तोवर लोभ राहू दे.

तुझा,
नृसिंह

॥ श्री ॥

कोल्हापूर, ता. २ ऑक्टोबर १९५५

ती. सौ. ताईस,

शि. सा. न. वि. वि. हे पत्र माईला कळू देऊ नकोस.

माझ्याकडचे त्याच विणीतले मासे बिघडले. शेपटीच्या मुळाशी तो काळा रंग सुजल्यासारखा वर आला. मला आधी वाटलं, रंग आणखी चढतोय, खुशीत होतो. आता तिथे चामखिळीसारखी गाठ आहे आणि ती वाढते आहे. शेपूट झडत चाललं आहे. मासा एका बाजूला कलून पोहतो.

राग गिळून कॉलेजातल्या त्याच सरांकडे गेलो. त्यांनी भिंग लावून पाहिलं. म्हणाले, त्या बुटक्या जातीत हा काळा रंग ठिपक्याएवढा राहतो, कारण त्याला आवरणारंही काही तिच्याच रक्तात असतं. तू ते संकरात काढून टाकलंस, रंग तेवढा ठेवलास. ही गाठ उतरायची नाही. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली, ताई. ओरडले असते तर बरं झालं असतं.

वकीलसाहेबांचा मासा अजून ठणठणीत दिसतो. सुपारीपर्यंत तसाच राहील, आणि नंतर गेला तर मासा मेला एवढंच म्हणतील. आत्ता सांगितलं तर आक्का काय म्हणतील ते मला इथे बसून ऐकू येतं. माझ्याच मुद्द्याने मी हरेन. गप्प राहू का? तू हो म्हणालीस तर मला झोप लागेल.

उत्तर लवकर दे, एवढीच माया कर.

नृसिंह

॥ श्री ॥

सांगली, ता. ५ ऑक्टोबर १९५५

चि. नृसिंहास,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र चुलीशी बसून वाचलं, आणि भात लागला. इकडून विचारणा झाली. सांगितलं, भावाने लावला.

तुला झोप लागावी म्हणून मी हो म्हणणार नाही. माझं लग्न आपल्याच पोटजातीत झालं, पत्रिका जुळवून, गोत्र पाहून. माझी दोन्ही बाळं वर्षाच्या आत गेली. तेव्हा कुणी म्हटलं नाही की शुद्ध जातीचं हे असं होतं. म्हणून सांगते, माशावरून माणसाचं काही ठरत नाही. रंग चढला तेव्हाही ठरलं नव्हतं, आता गाठ आली म्हणूनही ठरत नाही. मुद्दा पहिल्यापासून खोटा होता. तुला तो आवडला, कारण तो तुझ्या बाजूचा होता.

पण त्या माशाचं दुखणं खरं आहे. जिथे दुसरं कुणीच नाही अशा पेटीत तू दोघांना कोंडलंस आणि त्याला जोडी म्हणालास. दिसायला छान म्हणून पुन्हा लावलंस. आता ज्या घरात मुलगी मागायची, तिथे मासा ठणठणीत आहे असं दाखवून मागणार का? श्यामलाला उद्या कळलं तर तुझ्या कुठल्या शब्दावर तिने विश्वास ठेवायचा?

जा आणि सांग. आवाज चढवू नकोस. आक्का बोलल्या तर बोलू दे.

माझा तुझ्यावरचा लोभ कमी होईल अशी भीती धरू नकोस. तो तुझ्या लहानपणीच्या खोड्यांत मुरला आहे.

तुझी ताई

॥ श्री ॥

कोल्हापूर, ता. २८ ऑक्टोबर १९५५

ती. सौ. ताईस,

शि. सा. न. वि. वि. गेलो आणि सांगितलं. वकीलसाहेबांच्याही माशाला तोवर हरभऱ्याच्या डाळीएवढी गाठ आली होती. ते ती कौतुकाने पाहुण्यांना दाखवत होते.

आक्का बसल्या जागी एवढंच म्हणाल्या, देवाने सांगितलं. मी आवाज चढवला नाही. वकीलसाहेब म्हणाले, ज्या पुराव्यावर मी घरच्यांना वळवलं तोच गेला; आता सुपारीचं कुणाला कसं सांगू? श्यामला पडद्याआडून बाहेर आली आणि वडिलांना म्हणाली, मला कुणी विचारलंच नव्हतं, माशाला विचारलं. ते माझ्याकडे वळले. मला म्हणाले, मासा आहे तोवर पाहायला येत जा, नंतर बघू.

तेव्हापासून रोज संध्याकाळी जातो. माझ्याकडे नर-माद्या वेगळ्या केल्या. ही वीण आता होणार नाही. सहा मागण्या होत्या, सगळ्यांना नाही म्हटलं. आकाराम म्हणाला, चांगला चाललेला धंदा मोडलास लेका. पण चौकटी करायचं थांबलेला नाही.

ताई, तिथे जेमतेम पंधरा-वीस मिनिटं मिळतात. श्यामला जुनं पाणी काढते, मी कळंब्याच्या तळ्यावरून आणलेलं ओततो. आम्ही फार बोलत नाही. घरी येताना मनात येतं, मासा अजून आठवडाभर जगू दे. त्याचं पोट आता काळ्या गाठीखाली दबलं आहे, तळाशी आडवा पडून असतो, तरी मी दिसलो की खायला मिळेल म्हणून वर यायची धडपड करतो. अर्ध्यात पोचतो आणि पुन्हा खाली जातो. आणि मी दिवस वाढावेत म्हणून मागतो आहे.

काल श्यामलाने मला सरळ विचारलं, हा कुणासाठी जगवतोयस? मग तीच म्हणाली, उद्या काढ त्याला, माझ्यासमोर काढ.

म्हणून आज जातो आहे. सरांकडून औषध घेतलं आहे. पाण्यात टाकलं की तो झोपेल आणि उठणार नाही, असं ते म्हणाले. झाल्यावर वकीलसाहेबांना विचारणार आहे की उद्याही येऊ का.

ते काय म्हणतील ठाऊक नाही. तिकडे जाण्याआधीच हे पत्र टपालात टाकतो, म्हणजे मागे फिरता येणार नाही. तुझा आशीर्वाद पोचायला उशीर होईल. मी तो मिळाला असं धरून निघतो.

तुझा,
नृसिंह